घास अडकत होता: अन्ननलिकेतली जन्मजात गाठ आणि नवी मुंबईत झालेलं दुर्बिणीचं ऑपरेशन

मी कोपरखैरण्यात डबे करते. महापेच्या ऑफिसांमध्ये रोज पंचेचाळीस डबे जातात. हे आधी सांगते, कारण माझं दुखणं मला ताटावर कळलं आणि हॉस्पिटलचं जेवण, पेज, सूप याबद्दल मी पुढे जे लिहिणार आहे ते रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईचं मत आहे.

दोन वर्षं माझा घास अडकत होता. भात जायचा, आमटी जायची. भाकरी, चपाती, सुकी भाजी गिळली की छातीच्या मधल्या हाडामागे थांबायची. पाणी प्यायलं की हळूहळू उतरायची. कधी पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, बोट रुतवल्यासारखं दुखायचं. मी भाकरी आमटीत कुस्करून खायला लागले. सासूबाईंना दात नाहीत म्हणून त्यांची ताटली कुस्करायची, तशी माझीही. लग्नाकार्यात मी सगळ्यात शेवटी बसायचे, म्हणजे सावकाश खाताना कुणी बघू नये.

या दोन वर्षांत तीन ठिकाणी दाखवलं. ॲसिडिटीच्या गोळ्या तिन्ही ठिकाणी मिळाल्या. एका ठिकाणी डॉक्टर म्हणाले, बायकांना या वयात टेन्शनने असं वाटतं. माझं वय चव्वेचाळीस. त्या वाक्याने मला फार लागलं, आणि त्यानंतर आठ महिने मी कुणालाच दाखवलं नाही. ते आठ महिने वाया गेले याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून स्पष्ट लिहिते: घन पदार्थ अडकत असेल आणि ते वाढत असेल, तर कुणी काहीही म्हणो, एंडोस्कोपी, म्हणजे घशातून कॅमेऱ्याची नळी घालून तपासणी, करून घ्या.

माझं निदान खोकल्यामुळे झालं. गेल्या पावसाळ्यात खोकला जाईना म्हणून फॅमिली डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे सांगितला. त्यात हृदयाच्या उजव्या कडेला एक गोल सावली दिसली. मग सीटी स्कॅन. रिपोर्टमध्ये ‘पोस्टिरियर मीडियास्टायनल मास’ असं लिहिलेलं, म्हणजे दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत, मागच्या बाजूला गाठ, माप ४.८ बाय ३.६ सेंटीमीटर. मुलगी बारावीला आहे, तिने ‘मास’ शब्द वाचला आणि गप्प झाली. हे मार्केटला होते, कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर, माथाडी आहेत. फोन केला तर पाठीवरची गोणी उतरवून तसेच रिक्षाने घरी आले. त्या रात्री आमच्याकडे कुणी जेवलं नाही. डबे मात्र सकाळी गेले, शेजारच्या ताईंनी पोळ्या लाटून दिल्या.

आता हॉस्पिटलबद्दल. नाव लिहीत नाही. नवी मुंबईतलं मोठं खासगी हॉस्पिटल आहे एवढं पुरे. डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं की नाव टाकू नका, आणि बिलिंगबद्दल माझी जी तक्रार आहे ती मी त्यांना लेखी दिली आहे. पण अशी गाठ निघालेल्या माणसाला कुठलंही हॉस्पिटल निवडताना काय विचारायचं, हे कळावं म्हणून सगळं लिहितेय. आम्हाला कुणी सांगणारं नव्हतं.

पहिल्या भेटीची वेळ साडेअकराची होती, आत गेलो सव्वा वाजता. बसायला खुर्च्या पुरेशा नाहीत, वयस्क माणसं भिंतीला टेकून उभी. हा दोष आहे आणि तो प्रत्येक वेळी तसाच होता. पण आत गेल्यावर सर्जननी आम्हाला पस्तीस मिनिटं दिली. सीटीच्या फिल्म उजेडावर धरून आधी स्वतः नीट बघितल्या. रिपोर्ट नंतर वाचला. मग म्हणाले, “ताई, हा कॅन्सर असेल असं मला दिसत नाही. पण खात्री करायला आतून सोनोग्राफी करू.”

त्याला तिथे सगळे ईयूएस म्हणतात. एंडोस्कोपीच्या नळीच्या टोकालाच सोनोग्राफीचं यंत्र असतं. ती अन्ननलिकेत जाते आणि भिंतीचे थर दाखवते. दोन दिवसांनी केली. थोडी भूल देतात, काही कळलं नाही. निष्कर्ष असा की आतलं अस्तर गुळगुळीत आणि धड आहे, फक्त बाहेरून ढकलल्यासारखा फुगवटा आहे, आणि गाठ भिंतीतच आहे, द्रवाने भरलेली. सीटीमध्ये ती भरीव वाटली कारण आतला द्रव पातळ पाण्यासारखा नव्हता, चिकट होता. सुई घालून पाणी काढून बघा ना, असं मीच म्हणाले. डॉक्टर म्हणाले, नको. चित्र स्पष्ट आहे. सुईने जंतू आत गेले तर गाठ पिकते, आजूबाजूला चिकटते, आणि मग ती अलगद सोडवणं अवघड होतं. शिवाय पाणी काढलं तरी पिशवी तिथेच राहते, पुन्हा भरते. हे त्यांनी सांगितलं नसतं तर मी दुसरीकडे जाऊन सुई मारून घेतली असती, कारण ते स्वस्त पडलं असतं.

मग त्यांनी सीटीच्या पाकिटावर पेनाने चित्र काढलं. ते पाकीट मी जपून ठेवलंय. बाळ पोटात पाच ते आठ आठवड्यांचं असताना त्याची अन्ननलिका आतून पेशींनी जवळजवळ भरून जाते. मग त्यात बारीक बारीक पोकळ्या होतात, त्या एकमेकींना मिळतात आणि नळी मोकळी होते. माझ्यात एक पोकळी मिळायची राहिली. ती भिंतीतच बंद झाली, स्वतःचं अस्तर, स्वतःचा स्नायू घेऊन, आणि आतल्या आत थोडा थोडा द्रव सोडत चव्वेचाळीस वर्षं राहिली. याला ड्युप्लिकेशन सिस्ट म्हणतात, म्हणजे अन्ननलिकेचीच एक छोटी दुसरी प्रत. साधारण ८,२०० माणसांत एकाला असते असा अंदाज वैद्यकीय पुस्तकांत देतात. बहुतेक मुलांमध्येच सापडते. मोठ्यांमध्ये सापडली तर पुष्कळदा अशीच, दुसऱ्या कशासाठी काढलेल्या फोटोत. आणि बहुतेक वेळा खालच्या तिसऱ्या भागात, उजव्या बाजूला. माझी नेमकी तिथेच होती.

मी एक प्रश्न विचारला तो इथे लिहिते. माझा जन्म शिमग्यातला. उलटं मोजलं तर ते पाच-सहा आठवडे आषाढातले, भातलावणीचे. आई पाटणच्या बाजूला, वाफ्यात दिवसभर वाकून चिखलात उभी असायची, हे आजी नेहमी सांगायची. आई आता नाही. मी विचारलं, त्याने झालं का? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “नाही. आईने काही केल्याने हे होत नाही, आणि काही न केल्यानेही होत नाही. हे कुणाच्या हातातलं नाही.” मला रडू आलं. त्यांनी घाई केली नाही, बाहेर पेशंट ताटकळत असताना. बाहेर दोन तास उभं राहण्याचा राग मी त्या क्षणी सोडून दिला.

ऑपरेशन का, हेही विचारलं, कारण कॅन्सर नाही तर राहू दे असं घरी सगळ्यांचं मत पडलं होतं. त्यांचं उत्तर असं होतं: त्रास नसताना योगायोगाने सापडली असती तर काढावी की लक्ष ठेवावं यावर डॉक्टरांमध्येही दोन मतं आहेत. पण तुम्हाला घास अडकतोय. गाठ वाढली तर दाब वाढेल. पिकू शकते. काहींच्या गाठीत जठरासारखं अस्तर असतं, ते आम्ल सोडतं, त्याने आत जखम होऊन रक्त येऊ शकतं. आतून कॅन्सर होणं फारच क्वचित, पण घडलेलं आहे. म्हणून काढू.

दुसरं मत आम्ही ठाण्यात घेतलं. ट्रान्स-हार्बरने ठाणे, तिथून रिक्षा. तिथले डॉक्टर वयाने मोठे. त्यांनी फिल्म बघून सरळ सांगितलं की मी हे छाती उघडून करेन, दुर्बिणीने अन्ननलिकेवर काम करण्याचा माझा हात नाही, आणि तुमच्या वयात, तुमच्या कामात, दुर्बीण जास्त बरी. फासळ्या फाकवाव्या लागत नाहीत, दुखणं कमी, लवकर उठाल. “जिथे दाखवलंय तिथेच करा, पण दोन गोष्टी विचारून घ्या,” म्हणाले. एक, ऑपरेशन चालू असताना आतून एंडोस्कोपी करणार का. दोन, एका फुप्फुसावर भूल देणारे डॉक्टर तिथे नेहमीचे आहेत की बाहेरून बोलावतात. फी त्यांनी निम्मीच घेतली. अशी माणसं आहेत म्हणून आपण टिकतो.

परत येऊन दोन्ही विचारलं. एंडोस्कोपी होणार होती. भूलतज्ज्ञ हॉस्पिटलचेच होते. मी धीर करून तिसरंही विचारलं की तुम्ही स्वतः अशा किती केल्या. सर्जन म्हणाले, “नेमक्या या गाठीच्या मोजक्याच, ती तितकी येतच नाही. पण अन्ननलिकेवर मी दर आठवड्याला काम करतो.” मला हे उत्तर आवडलं. शेकडो केल्या म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला नसता.

तयारीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते तीन बॉलचं श्वासाचं खेळणं. मला साडेतीनशे रुपयांना मिळालं, स्पायरोमीटर म्हणतात. नळीतून हवा आत ओढायची आणि बॉल वर धरून ठेवायचे. ऑपरेशनच्या आधी दहा दिवस सकाळ-संध्याकाळ करायला सांगितलं. पहिल्या दिवशी माझा दीड बॉल उचलला गेला, दहाव्या दिवशी तिन्ही. भूलतज्ज्ञ बाईंनी मला स्वतंत्र वेळ दिली. घशातून श्वासनलिकेत दोन वाटांची नळी घालतात, डाव्या फुप्फुसाला श्वास चालू ठेवतात आणि उजवं थोडा वेळ मिटवतात, म्हणजे दुर्बिणीला आत जागा मिळते. मिटलेलं फुप्फुस शेवटी पुन्हा फुगवतात. म्हणून आधी फुप्फुसांची ताकद मोजतात, म्हणून ते बॉल. कारण कळल्यावर मी एक दिवसही चुकवलं नाही.

संमतीपत्रावर लिहिलं होतं की गरज पडल्यास छाती उघडून ऑपरेशन करावं लागेल. हे सही करताना थरथरले. डॉक्टरांनी सांगितलं, दुर्बिणीने पूर्ण करणं हा हट्ट नाही, गाठ अस्तराला फारच चिकटलेली असली किंवा रक्त आलं तर मी उघडणार. त्यांनी हे न लपवता सांगितलं, त्यामुळे यांनाही धीर आला.

ऑपरेशनच्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही, जे लिहिते ते यांनी आणि नंतर डॉक्टरांनी सांगितलेलं. मला जवळजवळ पालथं निजवलं होतं, उजवी बाजू वर. छातीच्या उजव्या बाजूला, काखेखाली आणि पाठीकडे, तीन छिद्रं. सर्वात मोठं एक सेंटीमीटरच्या थोडं वर. आतून एंडोस्कोपीचा दिवा लावला की अन्ननलिकेची भिंत उजळते आणि अस्तर कुठे आहे ते बाहेरून दिसतं. गाठीवरचा स्नायू लांबीच्या दिशेने उघडला आणि गाठ कडेकडेने सोडवली. मला हे ऐकताना मोड आलेले वाल सोलणं आठवलं. बिरड्यासाठी साल काढायचं आणि आतला दाणा अख्खा राहिला पाहिजे. इथे उलट होतं, पिशवी काढायची आणि खालचं अस्तर फाटता कामा नये. शेजारून वेगस नावाची नस जाते, ती जठराला चालना देते, तिला धक्का लागू दिला नाही. मग छातीत सलाइन भरून एंडोस्कोपीतून हवा सोडली आणि बुडबुडे येतात का ते पाहिलं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरतो, अगदी तसंच. एकही बुडबुडा नाही. शेवटी स्नायू टाके घालून पुन्हा जोडला. उघडाच ठेवला तर पुढे अस्तर त्या फटीतून फुग्यासारखं बाहेर येतं आणि घास तिथे साचायला लागतो. म्हणजे ज्यासाठी गेलो तेच दुखणं पुन्हा. हे टाके घालणं ऑपरेशनातलं शेवटचं काम, पण मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं, कारण गाठ निघाली की झालं असं आपण समजतो.

अडीच तास लागले. यांना बाहेर चार तास सांगितलं होतं. मधे एकदा एक ज्युनिअर डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेली, गाठ सुटली आहे, आता तपासणी चालू आहे, काळजी करू नका. हे म्हणतात त्या दोन वाक्यांनी मी खाली बसलो, तोवर उभाच होतो. हॉस्पिटलने ही पद्धत कधीच बंद करू नये.

एक रात्र आयसीयूत. छातीच्या बाजूला नळी, तिच्या टोकाला पाण्याची बाटली, श्वासाबरोबर पाणी वरखाली होतं. छिद्रांपेक्षा ती नळी दुखते, आणि उजवा खांदा दुखतो, का ते कळत नाही पण दुखतो. रात्रपाळीची सिस्टर लातूरकडची होती. तिने मला उशी छातीशी घट्ट धरून खोकायला शिकवलं. दर दोन तासांनी येऊन, “ताई, उठा, खोका, बॉल उचला.” मी एकदा रागावले तिच्यावर. पहाटे तिनेच माझे केस विंचरून वेणी घातली. वॉर्डमधल्या मावशी आणि स्ट्रेचरवाले मामा, सगळ्यांनी माणसासारखं वागवलं. एकानेही पैसे मागितले नाहीत, आणि हे मी मुद्दाम लिहिते.

दुसऱ्या दिवशी एक्स-रेच्या खोलीत उभं करून एक कडवट औषध घोट घोट प्यायला दिलं. पडद्यावर ते उतरताना दिसतं, कुठे बाहेर पाझरतं का ते बघतात. मी पण पडदा पाहिला. काळी रेघ सरळ खाली गेली, कुठेही न थांबता. दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी न थांबता गेलं. त्यानंतर पाणी, मग पातळ पदार्थ. तिसऱ्या दिवशी नळी निघाली. चौथ्या दिवशी डिस्चार्ज.

जेवणाबद्दल. आहारतज्ज्ञ मुलगी चांगली होती, तक्ता लिहून दिला, काय, किती, किती दिवस. पण तिने लिहिलेलं आणि ताटात आलेलं यात फरक होता. सूपमध्ये मिरपूड. अन्ननलिकेच्या ताज्या टाक्यांवर मिरपूड कुणी घालतं का? परत पाठवलं तर तेच सूप गाळून आलं. डाळीचं पाणी बेचव, हळदसुद्धा कच्ची. नाचणीची पेज मात्र छान पातळ होती, गुठळी नाही, फक्त गार. मी किचनच्या सुपरवायझरला बोलावून सांगितलं की पेज कोमट द्या, गार झाली की घट्ट होते आणि पेशंटला ओढून प्यावी लागते. त्या संध्याकाळी कोमट आली. पुढच्या पेशंटलाही कोमट येत असेल तर बरं.

आता तक्रार. विमा सहा वर्षांपूर्वी घेतलेला, कुटुंबाचा. हॉस्पिटलच्या विमा डेस्कने कॅशलेसच्या अर्जात आजार म्हणून ‘जन्मजात गाठ’ एवढंच लिहून पाठवलं. उत्तर आलं, जन्मजात व्यंग पॉलिसीत बसत नाही. ॲडमिट व्हायला चार दिवस उरलेले. डेस्कवरच्या माणसाने कागद सरकवून सांगितलं, मग कॅश भरा. माझा पुतण्या अकाउंट्सचं काम करतो, त्याने पॉलिसीची सगळी पानं वाचली. त्यात जन्मजात दोषाचे दोन प्रकार दिलेले असतात. शरीराच्या दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या भागात असेल तर बाह्य, आणि तसं नसेल तर अंतर्गत. आमच्या पॉलिसीत बाह्य वगळलेलं होतं. अंतर्गत दोन वर्षांच्या प्रतीक्षेनंतर चालत होतं. छातीच्या आत, मणक्याच्या पुढे असलेली गाठ बाह्य कशी असेल? सर्जननी त्याच संध्याकाळी पत्र लिहून दिलं, अंतर्गत जन्मजात गाठ, आजवर निदान झालेलं नाही, लक्षणं अमुक, पर्याय नाही. दोन दिवसांत मंजुरी आली. डेस्कने पहिल्याच अर्जात एक शब्द जास्त लिहिला असता तर आमच्या चार रात्री वाचल्या असत्या. हे मंगळसूत्र मोडायला निघाले होते.

डिस्चार्जच्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टर म्हणाले घरी जा. आम्ही संध्याकाळी सात वाजता निघालो. विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकात असं आहे की हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती आल्यावर कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी. पुतण्याने कंपनीला फोन केला तेव्हा कळलं की हॉस्पिटलने फाइलच चार वाजता पाठवली. तोवर काउंटरवर आम्हाला “कंपनीकडून यायचंय” असंच सांगत होते. हे खोटं बोलणं मला आवडलं नाही. ज्या इमारतीत वरच्या मजल्यावर इतकं खरं बोलतात, त्याच इमारतीत तळमजल्यावर असं का?

खर्चाचा अंदाज तीन लाख ऐंशी हजार दिला होता, दोन जणांच्या खोलीचा. बिल चार लाख बत्तीस झालं. वाढ झाली ती मुख्यतः एकदाच वापरायच्या साहित्याची, त्यातलं काही विम्यात बसत नाही, ते एकवीस हजार आम्ही भरले. अंदाज देतानाच हे वेगळं लिहून द्यावं. डिपॉझिटचे पन्नास हजार अकराव्या दिवशी खात्यात आले, दोनदा फोन केल्यावर. पावती हरवू नका.

आठ दिवसांनी गाठीचा तपासणी अहवाल आला. मी डॉक्टरांना म्हटलं, मला यातलं सगळं मराठीत सांगा. त्यांनी ओळीवर बोट ठेवून सांगितलं. भिंतीत स्नायूचे दोन थर, म्हणजे अन्ननलिकेसारखेच. आत केसाळ पेशींचं अस्तर, काही ठिकाणी अन्ननलिकेसारखं सपाट. कूर्चा, म्हणजे कानात असतं तसं मऊ हाड, नाही, असती तर ती श्वासनलिकेच्या बाजूची गाठ म्हटली गेली असती. जठराचं अस्तर नाही. कॅन्सर नाही. मुलगी बरोबर होती. तिने अहवालाचा फोटो काढला आणि त्याच खुर्चीत बसून बापाला पाठवला.

बायकांसाठी थोडं वेगळं. छिद्रं ब्राच्या पट्ट्याच्या रेषेतच येतात. महिनाभर पट्टा टोचतो, आणि हात वर करून कपडे घालता येत नाहीत. समोरून बटणं असलेले सैल गाऊन तीन-चार घेऊन जा. उजव्या छातीखाली तळहाताएवढा भाग बधिर होता, आता बराच कमी झालाय. मी सहा आठवडे कणकेची परात उचलली नाही, डब्यांसाठी दोघी मदतनीस ठेवल्या. तो खर्चही धरून चला, आमच्या विम्याने तो दिला नाही.

दोन आठवडे पातळ, मग मऊ भात, खिमट, उकडलेला बटाटा. बाविसाव्या दिवशी डॉक्टरांनी भाकरीला हो म्हटलं. सासूबाईंनी स्वतः थापली, ज्वारीची, लहान. मी पहिला तुकडा खूप चावला, भीतीने. गिळला आणि थांबले, त्या जागी तो अडकेल म्हणून वाट बघत. सासूबाईही माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तो कधी गेला ते कळलंच नाही. “गेला?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली आणि दुसरा तुकडा वांग्याच्या भाजीत बुडवून घेतला.

डॉक्टर, भूल, नर्सिंग, यांना मी पाच पैकी पाच देते. किचनला तीन. विमा डेस्क आणि बिलिंगला एक, आणि तो एक शेवटच्या संध्याकाळी तिथल्या एका मुलीने हातातलं काम ठेवून आमची फाइल स्वतः वर नेली म्हणून. तक्रारीच्या पत्राला उत्तर आलं आहे, अर्जात आजाराचं वर्णन यापुढे सर्जनकडून तपासून घेऊ असं त्यात लिहिलंय. डिस्चार्जच्या उशिराबद्दल त्यात एक शब्द नाही, म्हणून मी दुसरं पत्र दिलंय. ऑपरेशनला आता पाच महिने झाले. पुढचा सीटी वर्ष पूर्ण झाल्यावर आहे. तोवर कुणाच्या घरी असाच रिपोर्ट आला आणि ‘मास’ शब्दाने झोप उडाली असेल, तर विचारा, माझ्याकडे पाकिटावरचं ते चित्र आहे, दाखवेन.